साल्वूच्या काहलाचा अर्धा तास

साल्वू बुतिजीजला त्या शनिवारी जिंकून काय मिळणार होतं, ते आधी मोजून टाकते. एका अंगाने चेपलेला कप, ज्यात धड चहाही पिता येत नाही. कबुतरांच्या शर्यतीच्या क्लबातल्या लाकडी पाटीवर सोनेरी अक्षरांत नाव. आणि मेहुण्याची, म्हणजे मर्व ट्रेथेवीची, पुढच्या ऑगस्टपर्यंत बंद राहणारी जीभ. पहिल्या दोन गोष्टींवर साल्वू पाणी सोडायला तयार होता. तिसरीसाठी तो अठ्ठावीस वर्षं कबुतरं पाळत होता.

पाचशे किलोमीटरच्या शर्यतीत तो अकरा वेळा दुसरा आला होता. त्यातल्या चार वेळा पहिला मर्व. आमच्या यालपारा गावात साल्वूला 'दोन नंबर' म्हणतात, आणि ते नाव कोणी पाडलं हे सांगायला नको. यंदा मात्र शेवटचं वर्ष होतं. साल्वूने घर विकलं होतं, कबुतरखान्यासकट. नवा मालक आमच्या क्लबातलाच, त्यामुळे पाखरं जागच्या जागी राहणार आणि तो ती उडवणार, असं ठरलेलं. साल्वू आणि त्याची बायको डोरीन नोव्हेंबरात ॲडलेडला मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार. तिथल्या बाल्कनीत कपडेसुद्धा वाळत घालू देत नाहीत, मग कबुतरं कुठली.

साल्वूची सगळी भिस्त एका लहानखुऱ्या निळसर मादीवर होती. नाव काहला. साल्वू मूळचा माल्टाचा, त्याच्या भाषेत याचा अर्थ निळी. नावं ठेवण्यात साल्वूची अक्कल एवढीच चालते, पण पाखरं ओळखण्यात त्याचा हात कोणी धरत नाही.

घोटाळ्याला सुरुवात झाली गुरुवारी, आणि ती साल्वूनेच केली.

आमचा जुना सेक्रेटरी ट्रेव्हर दर हिवाळ्यात कॅरव्हॅन जोडून उत्तरेला क्वीन्सलँडात मासे धरायला जातो आणि सप्टेंबरात लाल होऊन परततो. निकालाचं मशीन, म्हणजे क्लबातला कॉम्प्युटर, त्यानेच बसवलेलं, त्यामुळे त्यातल्या सगळ्या फाइली त्याच्या नावावर. यंदा त्याच्या जागी पोस्टातली ग्लेनिस बसली. तिला शर्यतीची यादी बदलायची होती आणि मशीन प्रत्येक वेळी एकच उत्तर देत होतं, तुम्हाला परवानगी नाही. तीन दिवस तिने हे सहन केलं. गुरुवारी साल्वू किटली भरायला आला, तेव्हा तिने गाऱ्हाणं घातलं. साल्वू क्लबचा अध्यक्ष. अध्यक्षांनी मशीनकडे पाहिलंही नाही.

"हा क्लब आहे, बँक नाही. उघडून टाक सगळं. सगळ्यांना."

आमच्या गावाची हीच रीत आहे. क्लबाची किल्ली दाराच्या बाहेर खिळ्याला लटकते. हमरस्त्यावर अंड्यांची टोपली ठेवून घरचे लोक शेतावर जातात, घेणारा डब्यात नाणी टाकून जातो. गाडीच्या किल्ल्या गाडीतच असतात, नाहीतर शेजाऱ्याला अडचणीच्या वेळी गाडी नेता कशी येणार? कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर संशय घेणं. तेव्हा ग्लेनिसने ट्रेव्हरचा पासवर्ड घेतला, जो मशीनच्या पोटाला चिकटपट्टीने लावलेला होता, आणि काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली. ओळीत तीन सात होते. त्या तीन सातांचा अर्थ असा की त्या खणातली प्रत्येक फाइल कोणीही वाचावी, कोणीही बदलावी. यादी लगेच साठवली गेली. ग्लेनिसने अध्यक्षांना बिस्किट दिलं. शुक्रवारी तिने मशीन बंद केलं आणि शनिवारी सकाळी पुन्हा सुरू केलं.

शनिवारी सातला आमच्या सगळ्यांच्या फोनवर निरोप आला, सोडली. पाचशे किलोमीटरवर, न्यू साउथ वेल्सच्या पोटात, ट्रकची दारं उघडली होती आणि एकोणीस जणांची एक्केचाळीस कबुतरं घराकडे निघाली होती. प्रत्येक पाखरू आपापल्या घरी जातं, आणि घरं काही एका जागी नसतात. मर्वचं घर गावाच्या अलीकडे, सोडण्याच्या जागेपासून बरोबर चारशे सत्तर किलोमीटर. साल्वूचं पलीकडे, बरोबर पाचशे. म्हणून आधी कोण पोचलं याला किंमत नाही. अंतराला वेळेने भागायचं, मिनिटाला मीटर जास्त तो पहिला.

मी साक्षीदार म्हणून साल्वूच्या अंगणात होते. एक वाजून अठरा मिनिटांनी मर्वचा फोन आला. त्याचं पाखरू एक सतरा तीसला आत गेलं होतं. मर्वने आणखीही बरंच सांगितलं, पण ते साल्वूने ऐकलं नाही, कारण तो बियाण्याच्या पाकिटाच्या पाठीवर भागाकार करत होता. मग त्याने पाकीट माझ्यापुढे धरलं. मी तीस वर्षं गव्हाच्या काट्यावर ट्रक तोललेत, लोक अजून मला आकडे दाखवतात.

"एक एक्केचाळीस आणि छत्तीस सेकंद," मी म्हटलं. "त्याच्या आत ती आली तर तू पहिला."

त्यानंतरची वीस मिनिटं आम्ही तिघं पूर्वेकडे पाहत उभे होतो. वारा समोरून येत होता, म्हणजे पाखरांच्या तोंडावर. डोरीनने पास्तिझ्झींची, माल्टाच्या चीज भरलेल्या करंज्यांची, ताटली धरली होती आणि एकही कोणी उचलली नव्हती. तिच्या एकतीस वर्षांच्या संसारात असं प्रथमच घडत असावं. एक अडतीसला साल्वूने माझं मनगट धरलं. निंबोळीएवढा ठिपका, मग पंख, मग काहला घरावरून एक फेरी मारून आली आणि टीव्हीच्या अँटिनावर बसली.

बसली ती बसलीच. पायातली कडी कबुतरखान्याच्या दारातल्या पट्टीवरून गेल्याशिवाय घड्याळात वेळ उमटत नाही. अँटिनावर बसलेलं कबूतर हिशेबात आकाशातच असतं. साल्वूने वाटाण्याचा डबा हलवला. शिट्टी घातली. माल्टीतून तिची विनवणी केली आणि इंग्रजीतून तिचा उद्धार केला. तिने डाव्या पंखाखाली चोच घालून पिसं नीट केली. पाचशे किलोमीटर आल्यावर बाईला जरा आवरावंसं वाटलं, त्यात तिचं काय चुकलं? एक एकोणचाळीसला डोरीन साल्वूला म्हणाली, तू मागे हो, तुझं तोंड बघून ती येत नाहीये. साल्वू खरंच पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिला. काहला उतरली, दाराशी थबकली, आत गेली. घड्याळात उमटलं, एक वाजून चाळीस मिनिटं, शून्य सेकंद.

चारशे मिनिटं. मिनिटाला साडेबाराशे मीटर. मर्वचे बाराशे पंचेचाळीस. साल्वू टाकीमागून बाहेर आला आणि त्याने मला, डोरीनला आणि पाण्याच्या टाकीला मिठी मारली.

चार वाजता सगळे आपापल्या घड्याळांच्या चिठ्ठ्या घेऊन क्लबात जमले. ग्लेनिसने एकेक वेळ मशीनमध्ये भरली आणि सव्वाचारला निकाल छापला. पहिला मर्व, तेराशे बावन्न. दुसरा साल्वू, तेराशे एक्कावन्न. क्लबाचा आजवरचा विक्रम तेराशे चाळीस होता. दोघांनीही तो मोडला होता, आणि एका मीटरने मर्व वर होता.

गलका असा झाला की बाहेरची कुत्री भुंकू लागली. विक्रम मोडणाऱ्याने सगळ्यांना पाजायचं हा आमचा नियम. मर्वने मोठ्या मनाने एकोणीस ग्लास भरायला सांगितले आणि त्यातला एक स्वतःच्या हाताने साल्वूकडे नेला.

"घे, दोन नंबर. बाराव्यांदा अभिनंदन."

साल्वू बियाण्याचं पाकीट काढून म्हणाला की माझा आकडा वेगळा येतोय. मर्व म्हणाला, तुझं पाकीट टोमॅटोचं आहे आणि ते मशीन शिकलेलं आहे. लोक हसले. साल्वूही हसला, आणि मग ग्लास हातात धरून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. पंचाहत्तरीच्या माणसाचं पाठीकडून पाहिलेलं दुःख मला सोसत नाही, म्हणून मी निकालाचा कागद हातात घेतला.

काट्यावर एक गोष्ट शिकले होते. रिकामा ट्रक भरलेल्याइतका वजनदार निघाला, तर ट्रकवाल्याचं कौतुक करायचं नाही, काट्याखाली काय अडकलंय ते बघायचं. दिवसभर वारा समोरून आणि विक्रम मोडला दोघांनी? मी कागदाची वरची ओळ वाचली. पाखरं सोडली, साडेसात वाजता.

मी फोन काढून मर्वसमोर धरला. निरोप सातचा होता. त्याचा फोन काढायला लावला. सात. खोलीतल्या एकोणीसही फोनांत सात.

हे कुठून आलं हे कळायला आम्हाला वेळ लागला नाही. सीमेच्या पूर्वेकडे घड्याळं आमच्यापेक्षा अर्धा तास पुढे असतात, त्यांचे साडेसात म्हणजे आमचे सात. ट्रकमधलं बटण दाबलं की सोडल्याची वेळ मशीनकडे येते ती साऱ्या जगाच्या एका घड्याळात. पोचल्याची वेळ आम्ही भरतो ती आमच्या घड्याळात. दोन्हींचा मेळ मशीन घालतं, आणि गेली सहा वर्षं बिनचूक घालत होतं. आज ते आम्हाला पूर्वेकडचे समजून बसलं होतं आणि प्रत्येक पाखराच्या प्रवासातला अर्धा तास त्याने गिळला होता.

मर्वने खांदे उडवले. विक्रम गेला तर जाऊ दे म्हणाला, अर्धा तास सगळ्यांचाच सारखा कापलाय, क्रम तोच राहणार.

"नाही राहत," मी म्हटलं. "तुझा प्रवास छोटा, त्याचा मोठा. छोट्या पावातून तेवढाच तुकडा कापला तर जास्त जातो. तुझा वेग त्याच्यापेक्षा जास्त फुगला." मग मी फळ्यावर दोन्ही भागाकार मांडले. साडेबाराशे आणि बाराशे पंचेचाळीस. 

साल्वू खिडकीपासून वळला होता.

पण फळ्यावर जिंकून भागत नाही. निकाल सहाच्या आत राज्याच्या संघाकडे जायला हवा, आणि तो मशीनमधूनच. हाताने दुरुस्त केलेला कागद संघ घेत नाही, शर्यत रद्द करतो. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. ग्लेनिसने हळूच सुचवलं की पोचल्याच्या वेळा अर्धा तास पुढे करून भरू का. साल्वू म्हणाला, खोट्या वेळा लिहून खरा निकाल मला नको, आणि चिठ्ठ्याही सोबत जातात, मूर्ख ठरू. तेव्हा एकच वाट उरली. मशीनला काय झालंय ते शोधायचं.

ग्लेनिसने मशीनच्या सेटिंगची फाइल उघडली. डेटाबेसने कसं वागावं ते तिच्यात लिहिलेलं असतं. सगळे तिच्या खुर्चीमागे गोळा झाले. आणि ती ओळ तिथेच होती. आमचं घड्याळ, जगाच्या साडेनऊ तास पुढे. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. ग्लेनिसने ती खोडून पुन्हा लिहिली. मशीन बंद करून सुरू केलं. कागदावर साडेसात. तिने ती ओळ दोनदा लिहिली, एकदा वर, एकदा खाली. साडेसात. आज्ञा डोळ्यांसमोर लिहिलेली, आणि मशीन असं वागत होतं की जणू कागदच कोरा आहे.

"परवानगी कमी पडत असेल," साल्वू म्हणाला. "आणखी उघड."

"आणखी काय उघडू, साल्वू? दाराची बिजागरीसुद्धा काढून टाकलीय."

पाच वाजून वीस मिनिटं झाली. ट्रेव्हरचा फोन लागत नव्हता, तो जिथे मासे धरतो तिथे सिग्नल नसतो. त्या तळावर एक ऑफिस आहे आणि ऑफिसात तारेचा फोन आहे, एवढं आम्हाला माहीत होतं. नंबर कोणाकडे असेल? दर दुसऱ्या वर्षी ट्रेव्हरबरोबर जाणाऱ्याकडे. म्हणजे मर्वकडे. मर्व कोपऱ्यात बसून लॅमिंग्टन केकच्या बाहेरचं खोबरं एकेक करून टिपत होता.

डोरीन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. सख्खी बहीण. "नंबर तुझ्याकडे आहे," ती म्हणाली. "आणि उद्याच्या जेवणाचं ताट माझ्याकडे आहे."

मर्वने बोटं पुसली. तो वाईट माणूस नाही, पण फुकट द्यायची त्याला सवय नाही. तो साल्वूकडे बघून म्हणाला की नंबर देतो, कप जाऊ दे, पण काहला मला हवी. तिची अंडी हवीत.

"ती घराबरोबर ठरलीय," साल्वू म्हणाला.

"घर घेणाऱ्याला दुसरी दे. मला ती."

कबूतरवाल्याला या बोलण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, दुसऱ्याच्या घरी नेलेलं पाखरू पुन्हा उडवता येत नाही. साल्वूने फळ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पाच तेवीस. डोरीन हळू आवाजात म्हणाली, "बघ बाबा, नीट विचार कर." त्याने मिनिटभर विचार केला. आमच्याकडे सदतीसच मिनिटं होती, त्यातलं एक त्याने तिच्यासाठी खर्च केलं.

"ने," तो म्हणाला.

ऑफिसातल्या बाईने ट्रेव्हरला हाका मारून आणलं. तो मासा तव्यावर टाकून आला होता आणि त्याच घाईत होता. ग्लेनिसने सगळं सांगितलं. ट्रेव्हरने एकच प्रश्न विचारला, ती फाइल कोणाकोणाला बदलता येते? ग्लेनिस म्हणाली, सगळ्यांना, अध्यक्षांनीच सांगितलं. पलीकडून इतकं मोठं हसू आलं की फोन कानाला न लावताही ते आम्हाला ऐकू आलं.

"अगं, जो कागद कोणीही येऊन खोडू शकतो, त्यावर ते मशीन विश्वासच ठेवत नाही. बघतं आणि बाजूला टाकतं. मग स्वतःच्या घड्याळावर चालतं, आणि ते मी मेलबर्नला विकत घेतलंय. सुरू होतानाच काय ते वाचतं, म्हणून शुक्रवारपर्यंत ठीक चाललं. लिहायचा हक्क फक्त मालकाला ठेव, बाकीच्यांना नुसतं वाचू दे. आणि पुन्हा सुरू कर. जाऊ?"

साल्वूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आयुष्यभर ज्या माणसाने घराला कुलूप लावलं नाही, त्याला एका मशीनने ऐकवलं होतं की तुझं दार उघडं आहे म्हणूनच मी आत येत नाही.

ग्लेनिसने ओळ लिहिली. तीन सातांच्या जागी सहा, चार, चार. मशीन सुरू झालं. कागदाच्या वरच्या ओळीत सात वाजले, आणि एकोणीस जणांनी असा आवाज केला की जणू आत्ताच एक पाखरू उतरलं. पण आधी भरलेल्या वेळा चुकीच्या समजुतीने साठवलेल्या होत्या, काहला आता एक दहाला पोचलेली दिसत होती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुन्हा भरायच्या होत्या. पाच छत्तीस.

मी चिठ्ठ्या वाचायला बसले, ग्लेनिस भरायला. पोस्टात तीस वर्षं शिक्के मारलेले हात, ते थांबतात कुठे. दहाव्या चिठ्ठीला तिने चष्मा फेकून दिला, विसाव्याला मर्व स्वतः येऊन चिठ्ठ्या क्रमाने लावू लागला, तिसाव्याला डोरीनने कोणालाही न विचारता प्रिंटरमध्ये कागद भरला. तेहतिसावी साल्वूची होती. मी वाचली, एक चाळीस शून्य, आणि ग्लेनिसने ती दोनदा तपासली. एक्केचाळिसावी भरली तेव्हा पाच चोपन्न झाले होते. तिने बटण दाबलं. पहिला बुतिजीज, साडेबाराशे. दुसरा ट्रेथेवी, बाराशे पंचेचाळीस. पाच छप्पन्नला संघाकडून पोच आली.

साल्वूला उचलायचा प्रयत्न झाला, पण तो जड आहे, म्हणून त्याला खुर्चीसकट उचललं. मर्वनेही एक पाय धरला होता, खुर्चीचा. नव्या विजेत्याने पाजायची मागणी झाली, तेव्हा साल्वू वरून म्हणाला की विक्रम मोडणाऱ्याने पाजायचं असतं, मी कुठे मोडलाय?

आता देणंघेणं. साल्वूला कप मिळाला, पाटीवर नाव मिळालं. मर्वची जीभ काही बंद झाली नाही, रविवारी जेवताना त्याने 'दोन नंबर' सोडून दुसरंच काढलं, ते तीन सात. साल्वूने त्याला बटाटे वाढले. क्लबाच्या बैठकीत फाइलींवर मालकाचाच हक्क राहील असा ठराव झाला, त्याखाली अध्यक्ष म्हणून त्यालाच सही करावी लागली. ग्लेनिसचा चष्मा तुटला. ट्रेव्हरचा मासा करपला. मर्वने नसलेल्या विक्रमासाठी एकोणीस ग्लास पाजले आणि गावातली सगळ्यात चांगली मादी घरी नेली. काहलाला सोमवारी टोपलीतून त्याच्याकडे पोचवलं. मोकळी सोडली तर ती साल्वूच्याच अँटिनावर जाऊन बसणार, म्हणून मर्वने तिला जाळीत ठेवली आहे आणि जाळीला कडी घातली आहे. तिथून ती आता बाहेर यायची नाही. कप साल्वूचा, अंडी मर्वची, आणि किंमत भरली ती काहलाने.